‘राऊ’वर वाचकांचं एकमत का होत नाही? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ना. सं. इनामदारांची ‘राऊ’ १९७२ साली प्रसिद्ध झाली. बाजीराव, मस्तानी आणि काशीबाई यांच्यावरची ही कादंबरी आजही घरोघरी सापडते आणि तिच्यावरून आजही कडाक्याचे वाद होतात. कुणी रात्र जागून ती संपवतो, तर कुणी अर्ध्यावर ठेवून म्हणतो, “हा आमचा बाजीराव नव्हेच.” दोन्ही बाजूंकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत.

वाद नेमका कशावरून होतो?

तीन वेगवेगळे वाद एकात एक अडकतात, म्हणून गुंता होतो. पहिला वाद इतिहासाचा: लेखकाने जे घडल्याचं दाखवलं ते घडलं का? दुसरा माणसांचा: बाजीरावाने काशीबाईशी, आणि पेशव्यांच्या घराने मस्तानीशी, जे केलं ते योग्य होतं का? तिसरा लेखनाचा: संवाद, वेग, पात्रं जमली आहेत का? “कादंबरी आवडली नाही” असं कुणी म्हटलं की आधी यातलं काय आवडलं नाही ते विचारावं. बऱ्याचदा असं दिसतं की वाचकाला बाजीरावाचं वागणं पटलेलं नसतं आणि तो ते खापर लेखकावर फोडत असतो. उलटही होतं. मस्तानीच्या दुःखाने हेलावलेला वाचक इतिहासाच्या चुका सांगणाऱ्यालाच निर्दयी ठरवतो. हे तीन वाद सुटे केले की निम्मं भांडण तिथेच मिटतं आणि उरलेलं बोलण्यासारखं होतं.

कादंबरीतलं खरं किती आणि रचलेलं किती?

चौकट खरी आहे. बाजीरावाचा जन्म १७०० चा. १७२० मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, त्याला पेशवाईची वस्त्रं मिळाली. १७२९ मध्ये मोगल सरदार महंमदखान बंगशाने बुंदेलखंडाचा राजा छत्रसाल याला जैतपूरला कोंडीत पकडलं, तेव्हा बाजीराव बुंदेलखंडात धावून गेला. त्यानंतर मस्तानी त्याच्या आयुष्यात आली. शनिवारवाड्याचा पाया जानेवारी १७३० मध्ये घातला गेला. १७३४ हे वर्ष तर लक्षातच ठेवावं: त्याच वर्षी काशीबाईला रघुनाथराव झाला आणि मस्तानीला समशेर बहाद्दर. २८ एप्रिल १७४० रोजी, वैशाख शुद्ध १३, शके १६६२ ला, नर्मदाकाठी रावेरखेडी इथे बाजीराव वारला. तेव्हा त्याला चाळीस वर्षंही पूर्ण झाली नव्हती.

घरातला विरोध हेही कल्पित नाही. १७३९ च्या अखेरीपासून पुढच्या काही महिन्यांत मस्तानीवर चौकी-पहारे बसले, बाजीरावापासून तिला दूर ठेवण्यात आलं आणि त्यात बाजीरावाचा धाकटा भाऊ चिमाजी अप्पा आणि थोरला मुलगा नानासाहेब या दोघांचा हात होता, हे त्या काळच्या पत्रांतून दिसतं.

रचलेलं आहे ते चार भिंतींच्या आतलं. दोघं एकमेकांशी काय बोलले, काशीबाई एकटी असताना तिच्या मनात काय चाललं होतं, राधाबाईंनी लेकाला कोणत्या शब्दांत समजावलं, याची टिपणं कुणी ठेवत नसतं. खाजगी संवादाच्या पानावर “याला पुरावा काय?” असं विचारणं व्यर्थ आहे. तिथे विचारायचा प्रश्न एवढाच, की या माणसाबद्दल जे कागदावर माहीत आहे, त्याच्याशी हा संवाद विसंगत तर नाही ना?

मस्तानी छत्रसालाची मुलगी होती की कलावंतीण?

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. बुंदेलखंडातली परंपरा तिला छत्रसालाची मुलगी मानते. मऊसहानियाजवळ धुबेला इथे तिच्या नावाचा महालही दाखवतात. मराठी कागदपत्रांत मात्र तिचा उल्लेख ‘कलावंतीण’ असाही येतो. या दोन गोष्टी एकमेकींना पूर्णपणे खोडत नाहीत, हे वाचक विसरतात. राजाच्या उपस्त्रीपासून झालेली, नाचगाण्यात तयार झालेली मुलगी त्या काळात अशक्य नव्हती. शिवाय पुण्यात तिचं नाव लिहिणारी माणसं तिच्याबद्दल प्रेमाने लिहीत नव्हती, हेही ध्यानात घ्यावं.

आपलं मत असं, की कादंबरी वाचताना या प्रश्नाचा निकाल लावायची घाई करू नये. ती राजकन्या असती तरच तिच्यावर अन्याय झाला आणि कलावंतीण असती तर झाला नाही, असा हिशेब मांडणारे वाचक नकळत त्याच घराच्या बाजूने बोलत असतात, ज्याच्यावर ते एरवी टीका करतात.

काशीबाईवर लेखकाने अन्याय केला आहे का?

या प्रश्नावर वाचकांचे दोन तट आहेत. एका तटाचं म्हणणं, काशीबाईला सोशिक दाखवून लेखकाने बाजीरावाची वाट मोकळी केली. दुसऱ्याचं म्हणणं, संपूर्ण कादंबरीत खरी उंची तिचीच आहे.

इथे इतिहासातली काशीबाई आठवावी. ती चासच्या महादजी कृष्ण जोशींची लेक. चासकर हे पैसेवाले सावकार घराणं. म्हणजे माहेर भक्कम होतं, ती कुणाच्या दयेवर जगणारी सून नव्हती. तिच्या पायाला दुखणं होतं. चार मुलगे झाले, त्यांतले दोनच मोठे झाले. बाजीराव गेल्यानंतर ती अठरा वर्षं जगली, मोठ्या यात्रा केल्या, चासला सोमेश्वराचं देऊळ बांधून घेतलं. १७५८ मध्ये ती गेली. हे सगळं कादंबरीच्या काळापलीकडचं आहे, त्यामुळे तिच्या कर्तेपणाची बाजू पानांवर कमी येते. वाचकाला ती फक्त सोसताना दिसते, याचं एक कारण कथा १७४० ला थांबते हेही आहे.

तरीही तक्रारीत तथ्य आहे. प्रेमकथेत ज्या पात्राकडे राग व्यक्त करायला जागा नसते, ते पात्र मोठं वाटतं पण जिवंत कमी वाटतं. काशीबाईच्या प्रवेशात तिला स्वतःसाठी काही हवंसं वाटतं का, हे शोधत वाचा. जिथे तसं दिसतं तिथे ती सगळ्यांत खरी आहे.

राधाबाई, चिमाजी अप्पा, नानासाहेब हे खलनायक आहेत का?

नाहीत. आणि ज्यांना ते तसे वाटले, त्यांनी १७३९ आणि १७४० ही दोन वर्षं समोर मांडून कादंबरी पुन्हा वाचावी.

मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पाने वसई घेतली. पोर्तुगीजांविरुद्धची ती मोहीम दोन वर्षं चालली होती आणि मराठ्यांची हजारो माणसं त्यात पडली. म्हणजे ज्या माणसाला आपण वसईचा वीर म्हणून डोक्यावर घेतो, तोच काही महिन्यांनी घरातल्या या प्रकरणात भावाच्या विरोधात उभा आहे. तो आजारी होता. बाजीरावानंतर आठ महिन्यांच्या आत तोही गेला. नानासाहेब तेव्हा जेमतेम एकोणीस वर्षांचा. आईचं दुःख त्याने जवळून पाहिलं होतं. फेब्रुवारी १७४० मध्ये पुण्यात रघुनाथरावाची मुंज आणि चिमाजीचा मुलगा सदाशिवराव याचं लग्न होतं. घरात अशी कार्यं उभी असताना ब्राह्मणवर्गाने बहिष्कार घातला तर काय, ही भीती त्या घरासाठी खरी होती. राधाबाईंचं वय, त्यांचं वैधव्य, १७३५-३६ मधली त्यांची काशीयात्रा आणि तिला उत्तरेतल्या रजपूत दरबारांनी दिलेला मान, हे सगळं धरलं की घराण्याची अब्रू त्यांच्यासाठी काय होती ते कळतं.

एक गोष्ट मात्र या बाजूच्या वाचकांनीही लक्षात घ्यावी. “तेव्हाचा काळच तसा होता” हे उत्तर अपुरं आहे. शाहू महाराजांचा कल मस्तानीवर सक्ती करण्याकडे नव्हता. त्यापायी बाजीरावाचं मन दुखावू नये, असं सातारा दरबारातून पुण्याला कळवलं गेलं होतं. म्हणजे त्याच काळात, त्याच समाजात, वेगळा विचार करणारी माणसं होती आणि ती सगळ्यांत वरच्या जागी होती. पुण्यातल्या घराने जे केलं ते काळाने करवून घेतलं नाही. तो त्यांचा निर्णय होता.

“आमचा सेनापती बाजीराव कुठे गेला?” ही तक्रार रास्त आहे का?

अर्धी. पालखेड (१७२८), डभई (१७३१), दिल्लीवरची धडक (१७३७), भोपाळ (१७३७-३८) एवढं ज्याच्या नावावर आहे, त्याच्यावरच्या पुस्तकात घोडदळाची दौड मनसोक्त वाचायला मिळेल अशी अपेक्षा कुणीही करेल. पण ‘राऊ’ हे त्याच्या घरातलं नाव आणि कादंबरी त्या घराची आहे. युद्धं बहुतेक पडद्यामागे घडतात. घरी पोहोचतो तो त्यांचा परिणाम.

तक्रारीचा उरलेला अर्धा भाग मात्र गंभीर आहे. शेवटच्या काही महिन्यांतला बाजीराव केवळ विरहाने खचलेला माणूस वाटतो, असं अनेकांना जाणवतं. प्रत्यक्षात याच महिन्यांत त्याने निजामाचा मुलगा नासिरजंग याच्याविरुद्ध मोहीम चालवली आणि फेब्रुवारी १७४० अखेर मुंगी-पैठणचा तह केला. कामावर पकड असलेला आणि आतून तुटलेला, अशी दोन्ही रूपं एकाच माणसात धरून वाचलं तर शेवट जास्त चटका लावतो.

जात आणि धर्माचा मुद्दा लेखकाने टाळला आहे का?

टाळलेला नाही, पण तो भाषणांतून न येता सोवळं, पंगत, मुंज, वाड्यातली जागा यांतून येतो. आजच्या वाचकाला त्यावर थेट भाष्य हवं असतं, म्हणून तो टाळल्यासारखा वाटतो. समशेर बहाद्दरकडे बघा. बाजीरावाला त्याला ब्राह्मण मुलासारखं वाढवायचं होतं, पण त्याची मुंज होऊ शकली नाही, असं परंपरेने सांगितलं जातं. पुढे तो पेशव्यांच्याच घरात वाढला, मराठ्यांच्या बाजूने लढला आणि १७६१ मध्ये पानिपतावर झालेल्या जखमांनी वारला. त्याचा मुलगा अलीबहाद्दर. बांद्याचे नवाब ते याच वंशातले.

भाषा जड वाटते. काय करावं?

पहिली पन्नास-साठ पानं थांबून थांबून वाचा, नंतर कान सरावतो. पेशवाईवरच्या कादंबऱ्यांत काही शब्द सतत भेटतात: फड म्हणजे कचेरी, मसलत म्हणजे मोहीम किंवा तिचा बेत, खलबत म्हणजे गुप्त सल्ला, खलिता म्हणजे थैलीतून आलेलं पत्र, मेणा म्हणजे बंदिस्त पालखी, मुदपाकखाना म्हणजे स्वयंपाकघर, सांडणीस्वार म्हणजे उंटावरचा जासूद, हुजऱ्या म्हणजे जवळचा सेवक. एवढे हाताशी असले की शब्दकोश फारसा लागत नाही.

कोण कुणाला काय म्हणतं तिकडेही लक्ष ठेवा. श्रीमंत, राऊ, अप्पा, मातुश्री ही संबोधनं नाती सांगतात. एकच माणूस घरात एक असतो आणि फडावर दुसरा. वाचक अडखळतात ते बहुतेक इथेच: ‘नाना’ कोण आणि ‘भाऊ’ कोण, याचा गोंधळ होतो. पहिल्या पानाच्या आत एक छोटी वंशावळ पेन्सिलीने काढून ठेवा. राधाबाई वर, खाली बाजीराव आणि चिमाजी, बाजीराव-काशीबाईंखाली नानासाहेब आणि रघुनाथराव, बाजीराव-मस्तानींखाली समशेर, चिमाजीखाली सदाशिवराव, म्हणजेच ‘भाऊ’.

संवाद नाटकी वाटतात या आक्षेपाला मात्र तोड नाही. काही ठिकाणी ते तसे आहेतच. त्या काळच्या मराठी ऐतिहासिक कादंबरीवर रंगभूमीची छाप होती. एखादा प्रवेश फार चढा वाटला तर मोठ्याने वाचून पाहा. कानाला तो वेगळा लागतो.

आधी चित्रपट पाहिला, मग कादंबरी वाचली. फार वेगळी का वाटते?

२०१५ चा ‘बाजीराव मस्तानी’ ‘राऊ’वर आधारित आहे, पण तो त्या पुस्तकाची प्रत नव्हे. काशीबाई आणि मस्तानी एकत्र पिंगा घालतात ते गाणं किंवा शाहूंच्या दरबारात बाणाने मोरपीस चिरण्याची परीक्षा, ही पडद्यावरची दृश्यं डोक्यात ठेवून पुस्तक उघडलं की वाचक तीच शोधत बसतो आणि हिरमुसतो. पेशव्यांच्या घरातल्या सुनेने असं सर्वांदेखत नाचणं यावर त्या वेळी मोठा आक्षेपही घेतला गेला. त्या आक्षेपाचा राग कादंबरीवर काढू नये.

दोन्हींमध्ये किमान महिनाभराचं अंतर ठेवा. शक्य असेल तर आधी पुस्तक वाचा.

एखादा प्रसंग खरा की खोटा, हे घरबसल्या कसं तपासायचं?

आधी प्रसंग एका वाक्यात लिहा: कोण, कुठे, कधी. “मस्तानीला त्रास दिला” हे तपासता येत नाही. “जानेवारी १७४० मध्ये मस्तानी पुण्यात कैदेत होती” हे तपासता येतं.

मग गो. स. सरदेसाईंच्या ‘मराठी रियासती’तला बाजीरावावरचा भाग काढा. त्यात घटनांचा क्रम मिळतो. सरदेसाईंनीच संपादित केलेले पेशवे दफ्तरातले निवडक कागद १९३० ते १९३४ या काळात ४५ खंडांत छापले गेले. नववा खंड बाजीराव आणि त्याच्या कुटुंबाविषयीचा आहे. पत्रं देवनागरीत छापलेली आहेत, त्यामुळे मोडी येत नसली तरी अडत नाही. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाच्या ग्रंथालयात किंवा जुन्या, मोठ्या सार्वजनिक वाचनालयांत हे खंड पाहता येतात.

बखर आणि पत्र यांना एकाच तराजूत घालू नका. पेशव्यांवरच्या बखरी बऱ्याच नंतर, आठवणी आणि ऐकीव गोष्टींवरून लिहिल्या गेल्या. त्यांतून लोकांना काय आठवत होतं ते कळतं. अमुक दिवशी काय झालं ते कळेलच असं नाही. बाजीराव-मस्तानीबद्दलच्या ज्या गोष्टी आपण लहानपणापासून ऐकतो, त्यांतल्या पुष्कळ या मार्गाने आल्या आहेत. कादंबरीत एखादी ऐकीव गोष्ट नसली, तर लेखकाने ‘लपवली’ असं मानायचं कारण नाही.

तारखांमध्ये हमखास चूक होते. पत्रांवर शुहूर सन असतो आणि तो अरबी शब्दांत लिहिलेला असतो. ‘अर्बैन मया व अलफ’ म्हणजे चाळीस, शंभर आणि हजार: ११४०. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन मिळतो. हे वर्ष मृग नक्षत्राच्या सुमारास, म्हणजे मेच्या अखेरीस किंवा जूनच्या सुरुवातीला बदलतं. तिथून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवा, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. म्हणून ११४० मधलं ऑक्टोबरचं पत्र १७३९ चं आणि फेब्रुवारीचं पत्र १७४० चं. नेहमी एकच आकडा मिळवणारे वाचक वर्षभराने चुकतात आणि मग “लेखकाने क्रम उलटा केला” असा आरोप करतात.

मस्तानीचा शेवट कसा झाला?

बाजीरावापाठोपाठ, १७४० मध्येच ती गेली. विष घेतलं, हिरकणी गिळली, सती गेली, धक्क्याने गेली असं सगळं सांगितलं जातं. यातल्या कशालाही पक्का आधार नाही. तिची कबर शिरूर तालुक्यात पाबळला आहे. पाबळ, केंदूर आणि लोणी ही गावं बाजीरावाने तिला दिली होती. मुसलमान पद्धतीची कबर असताना सती गेल्याची कथा टिकून राहते, यावरून लोकांना तिचा शेवट कसा हवा होता तेवढं समजतं.

वाचनकट्ट्यावर ‘राऊ’ घेतली तर भांडण न होता चर्चा कशी करावी?

दोन बैठका ठेवा. पहिलीत फक्त लेखन आणि पात्रं. इतिहासाचा विषय निघाला तर तो कागदावर टिपून बाजूला ठेवा. दुसरीत ते कागद काढा. बारा-पंधरा जणांपेक्षा जास्त माणसं नकोत, नाहीतर चार-पाच जणच बोलतात.

प्रत्येकाला एक पात्र वाटून द्या आणि त्या पात्राच्या बाजूने, पुस्तकातल्याच दोन प्रवेशांच्या आधारे बोलायला सांगा. मस्तानीचा कैवार घेणाऱ्याला राधाबाई द्या, परंपरेच्या बाजूने बोलणाऱ्याला समशेर. पान क्रमांकाशिवाय विधान करायचं नाही हा नियम सुरुवातीलाच सांगा. आवृत्तीनुसार पानं बदलतात, म्हणून सगळ्यांची आवृत्ती एक आहे का ते आधी पाहा. नसेल तर प्रकरण सांगा.

“बाजीरावाचं चुकलं का?” हा प्रश्न सुरुवातीला विचारू नका. त्याने सभा दुभंगते आणि मग पुस्तक कुणी उघडतच नाही. “कोणत्या प्रवेशात कुणाला वेगळं वागता आलं असतं?” असं विचारा. वादाची धार तीच राहते, पण पानं उलटली जातात.

परदेशात वाढलेल्या मुलांना मराठी वाचता येत नाही. त्यांना काय द्यावं?

विक्रांत पांडे यांनी केलेला इंग्रजी अनुवाद २०१६ पासून उपलब्ध आहे. सोबत वर सांगितलेली वंशावळ द्या. सोवळं, मुंज, बहिष्कार यांचा अर्थ आधी बोलून घ्या, नाहीतर घरातले लोक एवढे का घाबरले हेच त्यांना कळत नाही आणि सगळे दुष्ट वाटतात.

कादंबरीतल्या जागा आज पाहता येतात का?

काही. शनिवारवाडा १८२८ च्या आगीत जळाला. तट, दरवाजे आणि चौथरे उरले. उत्तरेकडचा मस्तानी दरवाजा शोधून पाहा. दिल्ली दरवाज्यापाशीच परतणाऱ्यांचा तो राहून जातो. राजा दिनकर केळकर संग्रहालयात कोथरूडच्या मस्तानी महालाचा भाग पुन्हा उभारलेला आहे. दालन बघताना खांब आणि छताच्या उंचीकडे लक्ष द्या. वाचताना डोळ्यांसमोर जो भव्य महाल उभा राहतो, त्यापेक्षा ही जागा बरीच आटोपशीर आहे. पाबळ आणि चास ही दोन्ही ठिकाणं पुण्याहून एका दिवसात होतात. रावेरखेडीची समाधी मध्य प्रदेशात खरगोन जिल्ह्यात आहे. त्यासाठी वेगळा प्रवास लागतो.

‘राऊ’ आवडली. पुढे काय वाचावं?

इनामदारांचीच ‘शिकस्त’ घ्या. सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंवरची ती कादंबरी आहे, आणि ‘राऊ’मध्ये ज्याचं लग्न घरात उभं आहे तो मुलगा तिथे पानिपताच्या सावलीत भेटतो. ‘राऊ’मध्ये बाईच्या बाजूला कमी जागा मिळाली असं वाटणाऱ्यांनी तर ती आधी वाचावी. दुसऱ्या बाजीरावावरची ‘मंत्रावेगळा’ त्यानंतर.